चाल कोणाची?

गेल्या हिवाळ्यात माझ्या बहिणीची मुलगी कॉलेजच्या टीममधून एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरली होती. खाडिलकरांच्या ‘संगीत स्वयंवर’मधला एक प्रवेश त्यांनी बसवला होता आणि ती रुक्मिणी होती. नंबर आला नाही. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. रात्री अकरा वाजता तिचा फोन आला तो परीक्षकांच्या बोलण्यावरून. निकालानंतर एक परीक्षक तिला म्हणाले, गळा छान आहे, पण ही बालगंधर्वांची नक्कल झाली, यात तुझं स्वतःचं काय? लगेच शेजारच्या परीक्षक बाईंनी कौतुकानं तिची पाठ थोपटली आणि म्हणाल्या, तुमच्या लोकांत असूनही किती शुद्ध उच्चार गं तुझे!

“मामू,” ती म्हणाली, “एक म्हणतात मी कॉपी केली. दुसऱ्या म्हणतात हे माझं नाहीच, तरी बरं जमलं. मग मी गायचं काय?”

‘झोप आता, उद्या बोलू’ म्हणून मी वेळ मारून नेली. हा लेख म्हणजे ते उद्याचं बोलणं. थोडा उशीरच झालाय.

आम्ही मूळचे मिरजेचे, आणि मिरजेत वाढलेल्या माणसाला नकलेचं एवढं भय वाटू नये. गावात ख्वाजा शमना मीरांचा दर्गा आहे. तिथंच उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे आणि उरुसात दरवर्षी त्यांच्या नावानं गाणं होतं. याच गावात हंसप्रभा थिएटर होतं. तिथं १९०५ साली नारायणराव राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतलेच्या वेषात पहिल्यांदा रंगभूमीवर उभा राहिला. तोच पुढं बालगंधर्व म्हणून गाजला. आणि याच गावात सतारमेकर गल्ली आहे. ही मंडळी मूळची शिकलगार, हत्यारं घडवणारी, धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले तसं काम सुटलं. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी गवयांचे बिघडलेले तंबोरे, सतारी दुरुस्तीला घ्यायला सुरुवात केली. खोलायचं, आत बघायचं, जोडायचं. बघता बघता तसंच नवं वाद्य करायचं. आज ज्या मिरजेच्या तंबोऱ्यासाठी देशभरातले गवई येतात, तो असा दुसऱ्याचं वाद्य खोलून बघण्यातून आला. भोपळा पंढरपूरकडचा, घाट उत्तरेचा, हात आमच्या गल्लीचा. त्याला कुणी नक्कल म्हणत नाही.

मिरजेहून सांगली दहा किलोमीटर. मराठी नाटकाची सुरुवात तिथली, १८४३ची. सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढं कर्नाटकातल्या भागवत मंडळींनी खेळ केला. राजेसाहेबांना तो आवडला आणि आपल्याकडंही असं काही व्हावं असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पदरच्या विष्णुदास भाव्यांना ते काम सांगितलं. भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो, तो दुसऱ्या भाषेतला खेळ बघून ‘असंच आपल्यात करा’ म्हटल्याचा दिवस आहे. आज एखाद्या कॉलेजनं असं केलं तर परीक्षक शेऱ्यात ‘संकल्पना मौलिक नाही’ असं लिहितील.

१८५३ साली भाव्यांची मंडळी मुंबईला गेली, तिथं खेळ केले. त्याच वर्षी मुंबईच्या पारशांनी स्वतःची नाटकमंडळी काढली. पुढच्या दशकात एल्फिन्स्टन कॉलेजातल्या पारशी मुलांचे नाट्यक्लब झाले, म्हणजे आजच्या भाषेत कॉलेजच्या टीमच. या सगळ्यातून जी पारशी रंगभूमी उभी राहिली, तिनं सुरुवातीला गुजराती आणि नंतर उर्दू नाटकं केली. तिच्या हाती एक फार मोठा खजिना लागला, तो लखनौचा.

लखनौच्या आगा हसन अमानत यांनी १८५३च्या सुमारास ‘इंदरसभा’ लिहिली. तरुणपणी वाचा गेलेला आणि मग अडखळत बोलू लागलेला हा शायर. त्यानं असं नाटक लिहिलं की ज्यात जवळजवळ सगळं गाऊनच होतं. राजा इंदर हिंदूंचा इंद्र. त्याच्या दरबारात पुखराज, नीलम, लाल, सब्ज अशा फारसी कथांतल्या पऱ्या. शहजाद्याचं नाव गुलफाम. गझल आहे, ठुमरी आहे, होरी आणि बसंतही आहे. यातली कुठली गोष्ट कुणाची हे वेगळं काढायला बसलात तर नाटक संपतं. मी तरुणपणी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती थोडी बाष्कळ वाटली होती. आता वाटतं, तिच्यात वाचण्यासारखं फार नाहीच, ती ऐकण्याची गोष्ट होती. पारशी मंडळ्यांनी ती गावोगाव नेली.

अण्णासाहेब किर्लोस्कर पुण्याला शिकायला आले आणि नाटकमंडळ्यांच्या नादी लागले. तेव्हा तेही विद्यार्थीच. पुढं नोकरीत असताना त्यांनी पुण्यात पारशी मंडळीची ‘इंदरसभा’ पाहिली आणि असं संगीत नाटक मराठीत का नको, या विचारानं त्यांना घेरलं, असं नाट्येतिहासकार सांगत आले आहेत. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव थिएटरात त्यांनी ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक केले. गोष्ट कालिदासाची, रचना पारशी-उर्दू नाटकावरून सुचलेली, चाली साकी-दिंडीच्या, लावणीच्या, कानडी पदांच्या. स्वतःचं काय, असा प्रश्न अण्णासाहेबांना कुणी विचारला असता तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. भाव्यांच्या खेळात सगळ्यांच्या वतीनं सूत्रधार गायचा. अण्णासाहेबांच्या नाटकात शकुंतलेचं गाणं शकुंतलाच गाऊ लागली. मराठी पात्र स्वतःच्या मनातलं स्वतःच्या तोंडानं गाऊ लागलं, एवढा तो फरक. एवढ्यावर पुढची साठ वर्षं उभी राहिली.

मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात हा इतिहास शिकवताना भावे ते किर्लोस्कर अशी सरळ रेघ मारतात. मला मात्र ती रेघ सांगलीहून मुंबईला, तिथून लखनौच्या वळणानं पुन्हा पुण्याला आलेली दिसते. मधला लखनौचा थांबा गाळला की सगळं घरचंच वाटायला लागतं.

जुन्या लोकांनी मात्र तो गाळला नव्हता. मिरजेच्या एका रद्दीवाल्याकडं मला जुन्या संगीत नाटकांची काही पुस्तकं मिळाली होती, किलोच्या भावानं. कुठल्याही पदाच्या डोक्यावर पाहा, कंसात बारीक अक्षरात छापलेलं असतं: राग अमुक, ताल तमुक, आणि ‘चाल’. चाल म्हणजे ज्या मूळ गाण्यावरून हे पद बांधलं त्याचे पहिले दोन-तीन शब्द. कुठं लावणीचे, कुठं कानडी पदाचे, कुठं गुजराती गरब्याचे, आणि कितीतरी ठिकाणी हिंदी-उर्दू चिजेचे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘वीरतनय’ १८९६चं. त्यांनी पारशी-उर्दू नाटकांच्या चाली इतक्या हौसेनं आणल्या की तेव्हाच्या जाणत्या प्रेक्षकांनी नाकं मुरडली. पण कोल्हटकरांनी काही लपवलं नाही. नाटककारच सांगतोय की चाल माझी नाही, शब्द माझे आहेत. आणि हे तो शेवटी आभाराच्या पानावर सांगत नाही. पदाच्या माथ्यावर, गाण्याच्या आधी सांगतोय.

आपल्याकडं उस्तादाचं नाव घेताना शागीर्द कानाच्या पाळीला हात लावतो. ती ‘चाल’ची ओळ मला तशीच वाटते, छापील पानानं कानाला हात लावल्यासारखी. पुढं रेकॉर्ड आली, रेडिओ आला, कॅसेट आली. लेबलावर गायकाचं नाव आलं, नाटकाचं आलं, फार तर कवीचं आणि संगीतकाराचं. चाल गेली. आता मुलं पदं ऐकतात मोबाइलवर, तिथं तर कधी कधी नाटकाचं नावही नसतं. माझ्या मते मौलिकतेचा सगळा घोळ इथं सुरू झाला. मूळ कुठलं हे सांगणारी ओळ पुसली गेली आणि जो शेवटचा माणूस दिसतो तोच मूळ ठरला.

आता आमच्या रुक्मिणीकडं येतो. ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलं डिसेंबर १९१६मध्ये. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. चाली भास्करबुवा बखले यांच्या. भास्करबुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीत गाणारा मुलगा म्हणून होते. आवाज फुटला तशी नाटकातली जागा गेली आणि ते गाणं शिकायला बाहेर पडले. कुणाकडं? बडोद्यात फैज महंमद खाँ, मग आग्र्याच्या घराण्याचे नत्थन खाँ, मग कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ. तीन उस्तादांच्या पायाशी बसून गोळा केलेल्या बंदिशी, त्यांच्या मुखड्यांची वळणं, त्यांनी रुक्मिणीच्या तोंडी घातली. विदर्भाची राजकन्या, कृष्णावर जीव जडलेली, ती गाते आहे आग्र्याची आणि अत्रौलीची चीज. पुढं ही पदं ज्या तबल्यावर रंगली तो तबला मुरादाबादच्या अहमदजान थिरकवा खाँचा, सारंगी कादरबक्षांची. गंधर्व नाटक मंडळीच्या पिटात बसलेली ही माणसं पडदा उघडण्याआधी पंचपदीला साथ करायची आणि नमाजाची वेळ झाली की नमाज पढायची. यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही.

परीक्षक बाई, ‘तुमच्या लोकांत असूनही’ म्हणालात ना, त्याचं उत्तर मी तुम्हाला देत नाही. तुम्ही प्रेमानं बोललात. पण पोरीला ते रात्री अकरापर्यंत टोचत राहिलं, एवढं माहीत असावं.

पहिल्या परीक्षकांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. दुसऱ्या दिवशी मी तिचं रेकॉर्डिंग मागवून घेतलं आणि शांतपणे ऐकलं. पोरगी बालगंधर्वांची नक्कल करत नव्हती. ती बालगंधर्वांच्या तबकडीची नक्कल करत होती. फरक मोठा आहे. त्या काळच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. रंगमंचावर हेच पद वन्स मोअर घेत घेत कितीतरी वेळ चालायचं, नाटक पहाटेपर्यंत जायचं. गवई तबकडीसाठी ते पद आवळून, घाईनं, ताना छाटून म्हणायचा, कारण सुई शेवटच्या रेघेला पोचत आलेली असायची. आमच्या पोरीनं ती घाईसुद्धा पाठ केली होती. शेवटच्या ओळीला लय किंचित चढवली होती, जिथं तिला कुणाचीच घाई नव्हती. जिथं बालगंधर्वांनी यंत्रापुढं उभं राहून श्वास चोरला, तिथं एकोणीस वर्षांच्या ठणठणीत मुलीनं श्वास चोरला. याला मीही नक्कल म्हणेन, आणि चुकीची म्हणेन. ज्याची करायला हवी होती त्याची ती नव्हतीच.

पण मग उपाय काय? ‘स्वतःचं काहीतरी कर’ हा उपाय नव्हे. एकोणिसाव्या वर्षी स्वतःचं असतं काय? घराण्याच्या गाण्यात शागिर्दाला वर्षानुवर्षं एकच सांगणं असतं: मी म्हणतो तसं म्हण. प्रश्न विचारायचा नाही, फिरवायचं नाही, तसंच म्हणायचं. किराण्याची माणसं बघा. अब्दुल करीम खाँसाहेबांची सुराची ती लांब, ओली ओढ सवाई गंधर्वांत उतरली, हिराबाई बडोदेकरांत उतरली. खाँसाहेबांना आपले शागीर्द नाटकात जावेत हे पसंत नव्हतं. तरी सवाई गंधर्व गेले आणि बायकांच्या भूमिका करून गाजले. सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, कुमार गंधर्व ही नावंच पाहा. एक बालगंधर्व झाले आणि पुढच्या पिढीला सगळं काही त्यांच्याच मापानं मोजायची सवय लागली.

त्यातल्या कुमारांची गोष्ट मला फार आवडते. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचे आणि लोक तोंडात बोट घालायचे. म्हणजे आपल्या संगीतातला सगळ्यात बंडखोर गवई हा सुरुवातीला बिनचूक नकलाकार होता. मुंबईला देवधरांच्या शाळेत त्यांना शिस्तीत शिकायला मिळालं. मग ऐन उमेदीत क्षय झाला, काही वर्षं गाणं बंद, एक फुप्फुस कामातून गेलं. परत गायला लागले तेव्हा लांब पल्ल्याच्या ताना घेणं शक्य नव्हतं. छोट्या, झपकन येऊन जाणाऱ्या जागा आल्या, आणि त्यालाच लोक कुमारांची शैली म्हणू लागले. अल्लादिया खाँसाहेबांचंही काहीसं असंच. अति गाऊन त्यांचा मूळ आवाज गेला, मग उरलेल्या आवाजाला झेपेल असं गाणं त्यांनी नव्यानं बांधलं. त्याला आज आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो. आधी नक्कल पूर्ण आत्मसात केली, मग शरीरानं ती नाकारली, तेव्हा कुठं जे उरलं ते स्वतःचं. स्पर्धेच्या शेऱ्यात हे कसं लिहिणार?

याच कुमारांनी पुढं बालगंधर्वांच्या पदांचा कार्यक्रम केला. नाव ठेवलं ‘मला उमजलेले बालगंधर्व’. त्यात ‘मला’ आहे आणि ‘बालगंधर्व’ही आहे.

नकलेच्या बाबतीत ज्यांचं नाव आपण फारसं आदरानं घेत नाही अशा एका बाईविषयी इथंच सांगतो. गोहरबाई कर्नाटकी. विजापूरकडच्या मुसलमान घरातल्या, अमीरबाई कर्नाटकींच्या बहीण. बालगंधर्वांची पदं त्या त्यांच्यासारखीच हुबेहूब म्हणायच्या. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्या गंधर्व नाटक मंडळीत आल्या आणि पुढं अखेरपर्यंत बालगंधर्वांसोबत राहिल्या. त्यांच्याबद्दल मराठीत जे लिहिलं गेलं त्यात राग बराच आहे. तो राग किती गाण्याबद्दलचा आणि किती कशाबद्दलचा, यात मी शिरत नाही. मला विचार करायला लावते ती वेगळीच गंमत. बालगंधर्व हा पुरुष. त्यानं बायकांचं चालणं, बोलणं, लाजणं इतकं टिपलं की महाराष्ट्रातल्या बायका त्याच्यावरून साडी नेसायला शिकल्या. आणि एक खरीखुरी बाई त्या पुरुषाची नक्कल करत रुक्मिणी गाऊ लागली. तेव्हा लोक म्हणाले, ही बालगंधर्वांसारखी नाही. ती जर स्वतःसारखी गायली असती तर? तेव्हाही हेच म्हणाले असते.

माझ्यावरही एकदा ही पाळी आली होती. मी कॉलेजात होतो. आमच्या सरांनी ‘कट्यार काळजात घुसली’चे निवडक प्रवेश बसवायला घेतले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, १९६७चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले या भूमिकेसाठी सरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी म्हटलं, सर, मला गाता येत नाही. ते म्हणाले, गाणं विंगेतून दुसरा म्हणेल, पण उर्दू तुला येतंच ना! उर्दू मला येत नव्हतं. मी मराठी शाळेत शिकलेला, घरी आमची दखनी, ‘मेरेकू-तेरेकू’ची. शीन-काफ माझा तेव्हाही कच्चा होता, आताही आहे. पण नाव तर तसं होतं. मग काय.

सरांनी वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब अनेकदा पाहिलेले. ते मला करून दाखवायचे, मी त्यांचं बघून करायचो. मुर्तिजापूरचे वसंतराव तरुणपणी लाहोरला असद अली खाँकडं शिकलेले, पुढं मुंबईत भेंडीबाजारच्या अमान अली खाँकडं, आणि त्याआधीपासून सुरेशबाबू मान्यांकडं. सुरेशबाबू म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचेच चिरंजीव, जन्मनाव अब्दुल रहमान. या सगळ्यांचं उठणं-बसणं वसंतरावांनी डोळ्यांत साठवलं असणार, तेव्हा कुठं ते खाँसाहेब उभे राहिले. वसंतरावांवरून सरांनी उचललं, सरांवरून मी. तालमीत मी कमी पडलो की सर वैतागून ओरडायचे, “अरे, जरा मुसलमान वाट ना!” सगळे हसायचे. मीही हसायचो.

दोन प्रयोग झाले. लोकांनी टाळ्या दिल्या त्या विंगेतल्या मित्राला. तिसऱ्या वेळी मी सरांनी दिलेली एक जागा विसरलो. सदाशिव गातोय आणि खाँसाहेब ऐकतायत, तिथं मला हातवारे करत ‘वाह’ करायची होती. ऐनवेळी डोकं कोरं झालं. आमच्या गल्लीतले एक चाचा तंबोऱ्याची जवारी लावायचे. घोडीवर दोरा सरकवताना मान एका खांद्यावर टाकून, डोळे मिटून, तळहात भोपळ्यावर ठेवून ऐकत बसायचे. चेहऱ्यावर काहीही नाही. मी नकळत तसा उभा राहिलो. नाट्यगृह शांत झालं. नंतर सरांनी विचारलं, हे कुठल्या खाँसाहेबांचं उचललंस? मी म्हटलं, गल्लीतल्या. ते म्हणाले, हेच ठेव. तीही नक्कलच होती. फक्त या वेळी ती कुणाची हे मला ठाऊक होतं.

त्या नाटकातही हाच पेच आहे. सदाशिव खाँसाहेबांच्या हवेलीत नोकर म्हणून राहतो आणि चोरून त्यांचं गाणं उचलतो. विद्या अशी चोरून मिळेल, पण कला मिळेल का, हा नाटकाचा प्रश्न. ज्या अभिषेकींनी त्याला चाली दिल्या, ते गोव्याच्या मंगेशीचे. त्यांच्या गुरूंमध्ये अजमत हुसेन खाँ आणि जगन्नाथबुवा पुरोहित. जगन्नाथबुवा आग्र्याच्या विलायत हुसेन खाँचे शागीर्द. अभिषेकींनी जुन्या नाट्यसंगीताचा ऐसपैस पसारा आवरला, पद आटोपशीर केलं, नव्या चाली बांधल्या. बालगंधर्वांचा काळ ज्यांच्या कानात होता त्यांनी तेव्हा कुरकुर केली. आज त्याच पदांची स्पर्धांतून नक्कल होते आणि परीक्षक म्हणतात, अभिषेकीबुवांचं मूळ बिघडवू नका.

आमच्या नात्यात एक वेगळाही आक्षेप आहे, तोही सांगून टाकतो. माझ्या एका मामेभावाला हे सगळंच नापसंत. गाणं-बजावणंच नको, नाटक तर नकोच, मुलीनं तर त्याहून नको. त्याच्याशी मी वाद घालत नाही. जुम्म्याला आम्ही एकाच सफेत उभे राहतो. दर्ग्याकडून परतताना तो खाँसाहेबांच्या कबरीपाशी फातिहा पढतो, मीही पढतो.

भाचीला शेवटी मी एकच गोष्ट ऐकवली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदांच्या तबकड्या भरल्या आहेत. त्यातलं एक पद ‘मानापमान’मधलं, १९११च्या नाटकातलं, गोविंदराव टेंब्यांच्या चालीचं. टेंब्यांनी ‘मानापमान’साठी पूरबच्या ठुमरी-कजरीकडून बरंच आणलं होतं. म्हणजे उत्तरेची चाल मराठी शब्दांत आली, आणि मग उत्तरेतल्याच एका खाँसाहेबांनी ती मराठीसकट परत घेतली. त्यांचे उच्चार शुद्ध नाहीत. मराठी जोडाक्षरं त्यांनी आपल्या सोयीनं सैल केली आहेत. नाटकातल्या नटासारखं ते म्हणतच नाहीत, ते किराण्याचं म्हणतात. पोरगी हेडफोन लावून ऐकत राहिली. मग म्हणाली, “मामू, यांना कुणी नाही म्हणालं का, उच्चार शुद्ध नाहीत म्हणून?”

म्हटलं, “म्हणाले असतील. तबकडी तरी विकली गेलीच.”

मग आम्ही रद्दीतलं ते जुनं ‘स्वयंवर’ काढलं. तिच्या पदावरची ती बारीक अक्षरातली ओळ तिनं पहिल्यांदा पाहिली. मूळ चिजेचे दोन शब्द होते. ते घेऊन ती तिच्या गुरुजींकडं गेली. गुरुजींना ती बंदिश येत होती. त्यांनी चार महिने पद बंद ठेवायला लावलं आणि नुसती बंदिश घासून घेतली, विलंबित लयीत, तबकडीची घाई उतरेपर्यंत.

परवा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिनं तेच पद पुन्हा म्हटलं. स्पर्धा नव्हती, परीक्षक नव्हते. मी मागच्या रांगेत होतो, बहीण शेजारी. पेटीवाल्यानं सूर दिला तरी हिचं माइकपुढं बोलणं चाललेलंच: शब्द खाडिलकरांचे, चाल भास्करबुवांची, त्यांनी ती घेतली या बंदिशीवरून, बंदिश आग्र्याच्या घराण्यात गातात, मी शिकले माझ्या गुरुजींकडं. फार लांबलं. मागून कुणीतरी ओरडलं, “गा की आता!” तबलजी पोरगा कंटाळला आणि त्यानं ठेका धरला. तिनं घाईघाईनं कानाच्या पाळीला हात लावला आणि समेच्या जरा आधीच उचललं.